लंडनचे पहिले दोन दिवस घरीच ठरवा

परदेशी जायचं ठरलं की आपल्या घरांत सगळ्यात आधी बाहेर येतो तो वजनकाटा. भाजणी किती, मेतकूट किती, लेकीने मागितलेला गोडा मसाला कुठल्या बॅगेत, यावर आठवडाभर खल चालतो. दुसरी यादी असते प्रेक्षणीय स्थळांची: टॉवर ब्रिज, लंडन आय, बकिंगहॅम पॅलेस, मादाम तुसाद. या दोन याद्यांच्या मधला एक मोठा भाग मात्र तसाच राहून जातो. मुंबईहून लंडन हा सुमारे दहा तासांचा विमानप्रवास. त्याआधी विमानतळावरचे तीन-चार तास, त्याच्याही आधी पुणे-नाशिक-कोल्हापूरहून गाडीने गाठलेली मुंबई. एवढं सगळं अंगावर घेऊन माणूस हीथ्रोवर उतरतो आणि नेमकं तेव्हाच त्याला एकामागून एक निर्णय घ्यावे लागतात. शहरात जायला कुठली गाडी? कुठलं कार्ड चालेल? बँकेचा ओटीपी का येत नाही? हॉटेल दुपारी तीनशिवाय खोली देत नाही, मग तोवर बॅगा घेऊन बसायचं कुठे?

यातला एकही प्रश्न एरवी अवघड नाही. पण झोप न झालेल्या डोक्याला तो झेपत नाही. मग भलत्या टॅक्सीचे पैसे जातात आणि नवरा-बायकोचं पहिलं भांडण विमानतळावरच होतं. म्हणून लांबच्या प्रवासाची तयारी करताना एकच सूत्र धरावं: उतरल्यानंतरच्या पहिल्या ४८ तासांतला एकही निर्णय तिथे जाऊन घ्यायचा नाही, सगळे घरी बसून, चहा पिता पिता घेऊन टाकायचे. इथे उदाहरण लंडनचं घेतलं आहे, कारण मराठी घरांतून सर्वांत जास्त विचारणा ज्या शहरांबद्दल होते त्यांत ते वरचं. रीत मात्र न्यूयॉर्कला जा किंवा टोकियोला, तीच.

तीन महिने आधी: तारीख आणि व्हिसा

तारीख ठरवताना आपण तिकिटाचा दर आणि मुलांच्या सुट्ट्या बघतो. लंडनच्या बाबतीत तिसरी गोष्ट बघायची, ती म्हणजे उजेड. जूनच्या मध्याला तिथे सूर्य पावणेपाचच्या सुमारास उगवतो आणि रात्री नऊ-सव्वानऊच्या पुढे मावळतो. डिसेंबरात तोच सकाळी आठला उगवून दुपारी चारच्या आत गडप होतो. म्हणजे डिसेंबरात पाहायला मिळणारा दिवस जूनच्या निम्माच. रोषणाई बघायची असेल तर डिसेंबर जरूर निवडा, पण २५ डिसेंबरला लंडनमध्ये ट्यूब (तिथली भुयारी रेल्वे) आणि बस पूर्ण बंद असतात, हे लक्षात ठेवा. त्या दिवशी पोहोचणारं स्वस्त तिकीट टॅक्सीच्या भाड्यात महाग पडतं.

पर्यटनासाठी किंवा मुलांकडे राहायला जाण्यासाठी लागतो तो 'स्टँडर्ड व्हिजिटर' व्हिसा. यावर एका वेळी जास्तीत जास्त सहा महिने राहता येतं. अर्ज ऑनलाइन भरायचा, फी तिथेच भरायची आणि बोटांचे ठसे व फोटो देण्यासाठी व्हिसाचे अर्ज स्वीकारणाऱ्या 'व्हीएफएस' कंपनीच्या केंद्रात जायचं. असं केंद्र मुंबईत आहे, पुण्यातही आहे. प्रवासाच्या तारखेआधी तीन महिन्यांपासून अर्ज करता येतो आणि ठसे दिल्यावर निर्णय साधारण तीन आठवड्यांत लागतो. पण एप्रिल-मे महिन्यांत केंद्रातली वेळ मिळण्यातच दिवस जातात, तेव्हा 'तीन आठवडे पुरे' असा हिशेब करू नका. अर्ज करताना तिकीट काढलेलं असलंच पाहिजे अशी अट नाही. व्हिसा हातात आल्यावर तिकीट काढणं शहाणपणाचं.

अर्ज अडतो तो बहुधा बँकेच्या उताऱ्यावर. खात्यात वर्षभर चाळीस-पन्नास हजारांची उलाढाल आणि अर्जाच्या आदल्या आठवड्यात एकदम पाच लाख जमा, असा उतारा वाचणाऱ्याच्या मनात शंका आणतोच. पैसे एफडी मोडून आले असतील तर एफडी मोडल्याची पावती जोडा. मुलाने पाठवले असतील तर मुलाचं पत्र आणि त्याच्या खात्याचा उतारा जोडा. 'हे परत येणार' हे अधिकाऱ्याला कागदांतून दिसलं पाहिजे. त्यासाठी नोकरी असेल तर रजेचं पत्र, निवृत्त असाल तर पेन्शनचा कागद, शेती असेल तर सातबारा. सातबारा मराठीत असतो, तेव्हा त्याचं प्रमाणित इंग्रजी भाषांतर सोबत हवं. मुलांकडे उतरणार असाल तर त्यांचं निमंत्रणपत्र, घराच्या पत्त्याचा पुरावा आणि तिथे राहण्याच्या परवानगीचा पुरावा जोडा.

ब्रिटन आता पासपोर्टवरच्या स्टिकरकडून डिजिटल व्हिसाकडे वळलं आहे. निर्णयाच्या ई-मेलमध्ये जशा सूचना असतील तसं खातं उघडून व्हिसा दिसतो ना, त्यावरचा पासपोर्ट क्रमांक बरोबर आहे ना, हे निघण्याच्या बरंच आधी पाहा. मधल्या काळात पासपोर्टचं नूतनीकरण केलं असेल तर हे विशेष महत्त्वाचं. आणखी एक: ब्रिटनच्या व्हिसावर पॅरिसला जाता येत नाही. 'आलोच आहोत तर दोन दिवस पॅरिस' करायचं असेल तर शेंगेन व्हिसा वेगळा काढावा लागतो आणि तो भारतातूनच काढून निघणं सोयीचं.

तिकीट काढताना विमान कधी सुटतं यापेक्षा कधी उतरतं ते बघा. सकाळी सातला उतरणारं विमान कागदावर छान दिसतं, 'अख्खा दिवस हातात' वाटतो. प्रत्यक्षात खोली दुपारी तीनला मिळते आणि मधले सहा-सात तास डोळ्यांवर झोप घेऊन रस्त्यावर काढावे लागतात. दुपारी उतरणारं विमान मिळालं तर खोली तयार असते, अंघोळ होते, जेवण होतं आणि चार-पाच तासांनी अंथरुणाला पाठ टेकते. सकाळचंच विमान घ्यावं लागलं तर हॉटेलला आधीच ई-मेल करून दोन गोष्टी विचारून ठेवा: खोली लवकर मिळेल का, आणि नसेल तर बॅगा ठेवता येतील का. दुसऱ्याला उत्तर बहुतेक ठिकाणी 'हो' असतं. सोबत आई-वडील असतील तर थेट विमानाला चार पैसे जास्त गेले तरी द्यावेत. व्हीलचेअरची मदत तिकिटाबरोबरच नोंदवावी, निदान ४८ तास आधी. हीथ्रोवरची चाल मोठी आहे. एरवी रोज फिरायला जाणाऱ्यांनाही दहा तास बसून उठल्यावर ती जड जाते.

पैसे, कार्ड आणि ओटीपी

लंडनमध्ये रोख फार लागत नाही. बसमध्ये तर २०१४ पासून रोख घेतच नाहीत. शंभर-दीडशे पौंड वेळप्रसंगी जवळ असले की पुरे. घरात कुणा काकांच्या जुन्या प्रवासातल्या पौंडाच्या नोटा असतील तर आधी त्या कागदाच्या आहेत की प्लॅस्टिकच्या, ते बघा. बँक ऑफ इंग्लंडच्या कागदी नोटांतल्या शेवटच्या, म्हणजे २० आणि ५० पौंडांच्या नोटा, ३० सप्टेंबर २०२२ नंतर दुकानात चालेनाशा झाल्या. त्या बँक ऑफ इंग्लंडकडून बदलून मिळतात, पण सुट्टीतला एक दिवस त्यात घालवायचा का, ते तुम्ही ठरवा.

खरा भार कार्डांवर. आपल्याकडची कार्डं परदेशातल्या वापरासाठी मुळात बंद असतात. रिझर्व्ह बँकेच्या २०२० च्या नियमांनुसार ती आपण सुरू करावी लागतात. बँकेच्या अ‍ॅपमध्ये जाऊन 'आंतरराष्ट्रीय' आणि 'कॉन्टॅक्टलेस' ही दोन्ही बटणं सुरू करा आणि मर्यादा नीट ठरवा. जवळ वेगवेगळ्या बँकांची निदान दोन कार्डं हवीत, त्यांतलं एक व्हिसा किंवा मास्टरकार्डचं, आणि दोन्ही एकाच पाकिटात ठेवायची नाहीत. परकीय चलनातल्या प्रत्येक खर्चावर बँका साधारण दोन ते साडेतीन टक्के आकारतात. त्यामुळे पौंड भरलेलं फॉरेक्स कार्ड किंवा असं शुल्क न लावणारं कार्ड मिळालं तर दहा दिवसांच्या खर्चात बरी बचत होते. दुकानातलं मशीन 'रुपयांत भरणार की पौंडांत?' असं विचारतं, तेव्हा डोळे मिटून पौंड निवडा. रुपये निवडलेत की दर दुकानाच्या बाजूचा लागतो आणि तो कधीच आपल्या फायद्याचा नसतो.

आता ओटीपी. भारतीय कार्डाने ऑनलाइन तिकीट काढायचं तर मोबाइलवर ओटीपी लागतो, आणि तो तुमच्या भारतातल्या सिमवरच येणार. 'तिथे गेल्यावर नवं सिम घेऊ' म्हणून जुनं सिम काढून टाकलं की बँकेचं दारच बंद. उपाय सोपा: भारतातलं सिम फोनमध्येच ठेवायचं, त्यावर किमान रोमिंगचा पॅक घ्यायचा आणि इंटरनेटसाठी वेगळं ई-सिम घ्यायचं. फोन ई-सिम घेतो का, ते घरीच तपासा. न घेणारा फोन असेल तर दोन सिम बसणारा दुसरा फोन बरोबर घ्या. ज्यांची तिकिटं आधी काढता येतात ती सगळी निघण्यापूर्वीच काढून टाका, म्हणजे ओटीपीची वाट बघत थंडीत उभं राहायला नको.

औषधं आणि विमा

रोजची औषधं प्रवासाच्या दिवसांपेक्षा आठवडाभर जास्त पुरतील एवढी घ्या आणि सगळी केबिन बॅगेत ठेवा. चेक-इन केलेली बॅग एखादा दिवस उशिरा येऊ शकते. रक्तदाबाची गोळी एक दिवस थांबू शकत नाही. डॉक्टरांकडून टाइप केलेलं प्रिस्क्रिप्शन घ्या आणि त्यात औषधाचं ब्रँडचं नाव न लिहिता मूळ रासायनिक नाव लिहायला सांगा, कारण आपल्या कंपनीचं नाव तिथल्या फार्मसीत कुणाला माहीत नसतं. झोपेच्या किंवा तीव्र वेदनाशामक गोळ्या काही वेळा 'नियंत्रित' औषधांत मोडतात. त्या नेताना प्रिस्क्रिप्शन जवळ हवंच आणि साठा तीन महिन्यांच्या आतला हवा. आपल्यासारखं दुकानात जाऊन अँटिबायोटिक मागता येत नाही, तिथे डॉक्टरची चिठ्ठी लागते. घसा, पोट आणि ताप यांच्यासाठी तुमच्या डॉक्टरांनी सुचवलेली औषधं इथूनच बांधून घ्या.

'ब्रिटनमध्ये उपचार फुकट असतात' हा समज पर्यटकाला महागात पडतो. आपत्कालीन विभागात जाऊन दाखवलं तर तिथल्या उपचाराचे पैसे लागत नाहीत, पण तिथून रुग्णालयात दाखल करून घेतलं की परदेशी पाहुण्याला बिल येतं आणि ते सरकारी दराच्या दीडपट असू शकतं. प्रवास विमा काढताना आधीपासूनचा मधुमेह, रक्तदाब, बायपास सगळं प्रामाणिकपणे लिहा. ते लपवून स्वस्त मिळालेली पॉलिसी ऐनवेळी कामाला येत नाही. जिवावर बेतलं तर ९९९, तसं नसेल तर सल्ल्यासाठी १११, हे दोन नंबर घरातल्या सगळ्यांच्या फोनमध्ये असू द्या.

बॅगेतून काय काढून ठेवायचं

बॅगेत काय भरायचं ते आपल्याला कुणी सांगावं लागत नाही. काय काढून ठेवायचं, ते मात्र सांगावं लागतं. युरोपबाहेरच्या देशांतून ब्रिटनमध्ये मांस आणि दुधाचे पदार्थ आणायला बंदी आहे. म्हणजे साजूक तुपाची बरणी, पेढे, खवा, पनीर, सुकट हा विषय संपला असं समजा. सुकट मासळीत मोडते असा वाद घालता येईल, पण कस्टमच्या टेबलासमोर उभं राहून तो कशाला घालायचा? ताजी फळं आणि भाज्या यांचे नियम पदार्थागणिक बदलतात, तेव्हा ब्रिटन सरकारच्या संकेतस्थळावर नाव शोधून मगच घ्या. भाजणी, मेतकूट, कोरड्या चटण्या, मसाले मजेत जातात. चटणीसाठी लागणाऱ्या अख्ख्या सुक्या खोबऱ्याच्या वाट्यांना मात्र विमानात मनाई आहे: त्यातलं तेल पेट घेऊ शकतं म्हणून खोबरं ज्वलनशील मालात धरलं जातं. वाट्या घरीच ठेवा.

लोणचं, तेल, द्रव असलेलं काहीही चेक-इन बॅगेत. केबिन बॅगेत १०० मिलिलिटरपेक्षा मोठी बाटली मुंबईच्या तपासणीतून पुढे जात नाही, आत थेंबभरच तेल उरलेलं असलं तरी. पॉवर बँक याच्या उलट: ती चेक-इन बॅगेत चालतच नाही, केबिनमध्येच न्यावी लागते आणि तीही १०० वॅट-तासांच्या आतली. विजेचा दाब तिथेही आपल्यासारखाच २३० व्होल्ट असल्याने मोठा ट्रान्सफॉर्मर लागत नाही, पण सॉकेट तीन चौकोनी पिनांचं असतं. दोन अ‍ॅडॉप्टर आणि एक आपलं नेहमीचं एक्स्टेन्शन बोर्ड घेतलं की चौघांचे फोन एका खोलीत चार्ज होतात.

दागिने शक्यतो घरीच. लग्नकार्यासाठी जात असाल आणि पाटल्या-तोडे न्यायचेच असतील, तर निघताना मुंबई विमानतळावरच्या कस्टम खिडकीवर त्यांचं एक्स्पोर्ट सर्टिफिकेट करून घ्या. दागिन्यांचं मूल्यांकन केलेला सराफाचा कागद जवळ असला की काम लवकर होतं. परतताना 'हे सोनं बाहेरून आणलं' असा प्रश्न निघाला तर तोच कागद कामाला येतो.

कपड्यांचं एकच सांगतो: एक जाड कोट नेण्यापेक्षा एकावर एक चढवता येतील असे तीन पातळ थर न्या. जूनमध्येही सकाळी बारा अंश आणि दुपारी बावीस असा खेळ चालतो आणि मध्येच पावसाची सर येते. बूट नवे नकोत. निदान महिनाभर पायात वापरलेले हवेत. लंडन हे शहर चालूनच बघितलं जातं.

विमानातले दहा तास

उंच उडणाऱ्या विमानात हवेचा दाब समुद्रसपाटीइतका ठेवत नाहीत. तो साधारण १,८०० ते २,४०० मीटर उंचीवर असतो तेवढा असतो. कळसूबाईची उंची १,६४६ मीटर. म्हणजे खुर्चीत बसल्या बसल्या तुम्ही महाराष्ट्राच्या सर्वांत उंच शिखराच्याही वर दहा तास काढता, आणि तेही वीस टक्क्यांहून कमी आर्द्रतेच्या हवेत. डोकं जड होणं, घसा कोरडा पडणं, पोट फुगणं हे त्यातूनच. म्हणून पाणी थोडं थोडं सतत प्या. मद्य आणि कॉफी कमी. दर दीड-दोन तासांनी उठून मार्गिकेत एक फेरी मारा आणि बसल्या जागी टाचा-चवडे वर-खाली करत राहा. चार तासांहून लांबच्या प्रवासात पायांत रक्ताची गुठळी होण्याचा धोका वाढतो. आधी गुठळी झालेली असेल, नुकतीच शस्त्रक्रिया झाली असेल किंवा गरोदरपण असेल तर घट्ट मोज्यांबद्दल डॉक्टरांना आधीच विचारा.

विमानात बसल्याबरोबर घड्याळ लंडनच्या वेळेवर लावा. मार्चच्या शेवटच्या रविवारपासून ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपर्यंत लंडन आपल्यापेक्षा साडेचार तास मागे, उरलेल्या दिवसांत साडेपाच तास. तिथे रात्र असेल तेव्हाच झोपायचा प्रयत्न करा, जेवणाची गाडी आली म्हणून उठलंच पाहिजे असं नाही.

हीथ्रो ते खोली

पासपोर्टची स्वयंचलित दारं भारतीय पासपोर्टसाठी नाहीत. अधिकाऱ्यासमोरच्या रांगेत उभं राहायचं. तो तीन गोष्टी विचारतो: कशासाठी आलात, कुठे राहणार, परत कधी जाणार. हॉटेलचा किंवा मुलांचा पत्ता पोस्टकोडसकट आणि परतीचं तिकीट कागदावर छापलेलं हातात ठेवा. फोन त्या क्षणी बंद पडण्याची शक्यता फार.

हीथ्रोहून शहरात जायला तीन रेल्वे आहेत. पिकॅडिली लाइन सर्वांत स्वस्त, मध्य लंडनला तासाभरात नेते. २०२२ मध्ये सुरू झालेली एलिझाबेथ लाइन थोडी महाग, पण डबे प्रशस्त आणि पॅडिंग्टनला अर्ध्या तासात. हीथ्रो एक्स्प्रेस पंधरा मिनिटांत पॅडिंग्टनला पोहोचवते आणि सर्वांत महाग. कुठली घ्यायची हे घरीच ठरवा, आणि ठरवताना केवळ भाडं बघू नका, शेवटचं स्टेशन बघा. लंडनच्या ट्यूबच्या साधारण एक तृतीयांश स्टेशनांवरच रस्त्यापासून फलाटापर्यंत पायऱ्यांविना जाता येतं. बाकी ठिकाणी कुठे ना कुठे जिना आहेच. २३ किलोच्या दोन बॅगा घेऊन अशा स्टेशनवर उतरलात तर वाचवलेले पाच पौंड आणि कंबर दोन्ही जातील. टीएफएलच्या, म्हणजे लंडनच्या वाहतूक संस्थेच्या, नकाशात अशा सोयीच्या स्टेशनांवर व्हीलचेअरची खूण असते. तुमच्या हॉटेलजवळ तशी खूण असलेलं स्टेशन शोधा. नसेल तर तिथपर्यंत ट्रेन आणि पुढे टॅक्सी, असं ठरवून ठेवा.

तिकीट काढायची गरज नाही. फाटकावरच्या पिवळ्या गोलावर कार्ड टेकवायचं, दार उघडतं. बाहेर पडताना पुन्हा टेकवायचं. बसमध्ये फक्त चढतानाच. यातली बारीक गोष्ट नीट समजून घ्या. यंत्र प्रत्येक कार्डाचा दिवसभराचा हिशेब ठेवतं आणि ठरावीक रकमेनंतर त्या दिवसाचं भाडं थांबतं. पण तेच कार्ड फोनमध्ये भरलेलं असेल, तर यंत्राच्या लेखी फोन वेगळा आणि कार्ड वेगळं. सकाळी आत जाताना कार्ड टेकवलं आणि बाहेर येताना फोन टेकवला, की यंत्राला दोन अर्धवट प्रवास दिसतात आणि दोन्हींवर कमाल भाडं लागतं. माणशी एक वस्तू ठरवा आणि दहा दिवस तीच वापरा. नवरा-बायकोने एकाच कार्डावर दोघांनी आत जायचं, हेही चालत नाही. अकरा वर्षांखालच्या मुलांना मोठ्यांबरोबर ट्यूब आणि बस फुकट आहे. बसमध्ये पहिल्यांदा कार्ड टेकवल्यापासून तासाभरात कितीही बस बदला, भाडं एकदाच.

पहिले दोन दिवस

भारतात रात्री अकराला झोपणारा माणूस जूनमध्ये लंडनला गेला, तर त्याचं शरीर संध्याकाळी साडेसहालाच डोळे मिटायला लागतं आणि सकाळी सहाला उठायची सवय त्याला रात्री दीडला जागं करते. यावर तोडगा एकच: पहिल्या संध्याकाळी काहीही करून नऊ वाजेपर्यंत जागायचं. बाहेर उजेड असतोच, तेव्हा खोलीत न बसता जवळच्या बागेत चाला. रात्री दीडला जाग आली तर फोन हातात घेऊ नका, भारतात सकाळ झालेली असते आणि व्हॉट्सअ‍ॅप गडबडीत असतं. साडेचार तासांचा फरक तीन-चार दिवसांत अंगवळणी पडतो.

पहिल्या दिवशी पैसे देऊन काढलेलं, वेळेला बांधलेलं एकही तिकीट ठेवू नका. दुसऱ्या दिवशी सकाळी लवकर जाग येणारच आहे, तिचा फायदा घ्या: सात वाजता वेस्टमिन्स्टर पूल, संसद, साउथ बँकचा काठ जवळजवळ मोकळा असतो. दुपारी एखादं फुकट संग्रहालय ठेवा, म्हणजे तासाभरात पेंग आली तर पैसे बुडाल्याचं वाईट वाटत नाही. ब्रिटिश म्युझियम, नॅशनल गॅलरी, व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट, नॅचरल हिस्टरी म्युझियम, टेट मॉडर्न या सगळ्यांची मुख्य दालनं विनामूल्य आहेत. ब्रिटिश म्युझियम आणि नॅशनल गॅलरी शुक्रवारी रात्री उशिरापर्यंत उघडी असतात. टॉवर ऑफ लंडनमधला कोहिनूर, वेस्टमिन्स्टर अ‍ॅबी यांची तिकिटं तिसऱ्या दिवसापुढची काढा. अ‍ॅबी रविवारी पर्यटकांना बंद असते आणि राजवाड्यासमोरचा पहारेबदल रोज होत नाही, तेव्हा वार बघून काढा.

पहिल्या दोन दिवसांचं जेवणही ठरवून ठेवा. यूस्टन स्टेशनजवळच्या ड्रमंड स्ट्रीटवर शाकाहारी भारतीय खाणावळींची जुनी रांग आहे; वेम्बलीच्या ईलिंग रोडवर आणि साउथॉलला वाणसामानापासून मिठाईपर्यंत सगळं मिळतं. नळाचं पाणी निर्धास्त प्यावं. रविवारी मोठी दुकानं सहाच तास उघडी असतात, तेव्हा शनिवारी पोहोचलात तर दूध-ब्रेड त्याच दिवशी आणा. रेस्टॉरंटच्या बिलात साडेबारा टक्के सेवाशुल्क बहुधा आधीच लावलेलं असतं. बिल वाचा, वर पुन्हा टिप देऊ नका. रस्त्याच्या कडेला उभं राहून फोनवर नकाशा बघू नका. सायकल किंवा मोपेडवरून येऊन हातातला फोन हिसकावून नेणं हा लंडनमधला नेहमीचा प्रकार आहे. भिंतीकडे सरका, बघा, फोन खिशात टाका आणि मग चाला.

झोप रुळल्यावर

तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून तुमची यादी तुमची. मराठी माणसासाठी तीत दोन-तीन पत्ते घालावेत असं मला वाटतं. प्रिमरोझ हिलजवळ, १० किंग हेन्रीज रोड इथे डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९२१-२२ मध्ये राहत होते. ती वास्तू महाराष्ट्र सरकारने २०१५ मध्ये विकत घेतली आणि तिथे आता स्मारक-संग्रहालय आहे. उघडण्याच्या वेळा पाहून चॉक फार्म स्टेशनवरून चालत जावं. ब्रिटिश पत्रकार चिरोलवरच्या बदनामीच्या खटल्यासाठी गेलेले लोकमान्य टिळक १९१८-१९ मध्ये ज्या घरात राहिले ते मेडा व्हेलमधलं १० हाउली प्लेस आणि 'इंडिया हाउस' या भारतीय विद्यार्थ्यांच्या वसतिगृहाचं, सावरकरांच्या वास्तव्याचं हायगेटमधलं ६५ क्रॉमवेल अ‍ॅव्हेन्यू, या दोन्ही घरांवर पाट्या आहेत. घरं खासगी असल्याने पाहायचं ते रस्त्यावरूनच. व्हिक्टोरिया अँड अल्बर्टमध्ये शिवकालीन म्हणून प्रसिद्ध असलेली वाघनखं शोधणार असाल तर एक माहिती: ती २०२४ मध्ये तीन वर्षांच्या मुदतीने महाराष्ट्रात प्रदर्शनासाठी आणली आहेत.

खरेदीचं गणित मांडताना जुन्या प्रवासवर्णनांतला 'विमानतळावर करपरतावा मिळतो' हा सल्ला विसरा. पर्यटकांना मूल्यवर्धित कर परत देण्याची सोय ब्रिटनने १ जानेवारी २०२१ पासून बंद केली. दुकानात लिहिलेली किंमत हीच शेवटची.

एक कागद

निघण्याच्या आदल्या रात्री एकाच कागदावर हे लिहा आणि घरातल्या प्रत्येकाच्या खिशात एकेक प्रत द्या: हॉटेलचा पत्ता पोस्टकोडसह, हीथ्रोहून घ्यायची रेल्वे आणि उतरायचं स्टेशन, कोणी कोणतं कार्ड वापरायचं, विमा पॉलिसीचा क्रमांक आणि मदतीचा फोन, कार्ड हरवल्यास बँकेचा परदेशातून लागणारा नंबर, पासपोर्टचा क्रमांक, पहिल्या संध्याकाळचं जेवण कुठे. हरवलो तर भेटायची एक जागाही लिहा, कारण ट्यूबमध्ये दार मिटून अर्धं कुटुंब फलाटावर राहणं अजिबात दुर्मीळ नाही. अशा वेळी पुढे गेलेल्यांनी पुढच्या स्टेशनवर उतरून थांबायचं आणि मागे राहिलेल्यांनी पुढच्या गाडीने यायचं, हे आधी ठरलेलं असलं की कुणी घाबरत नाही.

कागदाच्या मागच्या बाजूला परतीचाही हिशेब मांडा. पश्चिमेला जाताना दिवस लांबतो आणि शरीर ते सोसतं. पूर्वेला येताना दिवस आखडतो आणि ते जास्त त्रास देतं. मुंबईत उतरल्यावर पहाटे तीनपर्यंत झोप न येणं आणि दुपारी बाराला न उठवणं, असे तीन-चार दिवस जातात. रविवारी रात्री उतरून सोमवारी कामावर जायचा बेत करू नका. रजेचा अर्ज लिहिताना शेवटी दोन दिवस जास्तीचे मागून घ्या.